क्लॉयस्टर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पोकेमॉन स्कार्लेट या व्हिडिओ गेममध्ये गेले आठ महिने माझ्या सहा जणांच्या संघात क्लॉयस्टर हा शिंपल्याच्या रूपाचा पोकेमॉन आहे. या काळात त्याच्या सोबतचे पाचही जण किमान एकदा बदलले, काही तर दोनदा बदलले; त्याची जागा मात्र मी कोणाला दिली नाही. तो भरवशाचा आहे म्हणून ती राखली असे म्हणवत नाही, कारण हरलेल्या बऱ्याच सामन्यांचे खापर त्याच्या, किंवा खरे तर त्याला चुकीच्या वेळी मैदानात उतरवणाऱ्या माझ्या, माथी फुटते. तरीही त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण हा शिंपला दिसतो एक आणि असतो दुसरेच, आणि हे कळायला मला जवळजवळ तीन महिने लागले.

गैरसमजाची सुरुवात आकड्यांपासून होते. क्लॉयस्टरचा बेस डिफेन्स, म्हणजे शारीरिक हल्ला झेलण्याची मूळ क्षमता, १८० आहे. काटेरी दुहेरी कवच आणि आत काळ्या मोत्यासारखे चकाकणारे तोंड पाहून कोणालाही वाटेल की हा संघाची तटबंदी सांभाळण्यासाठीच जन्मला आहे. मीही त्याला तसाच वापरू लागलो. परंतु त्याच पानावर बेस एचपी (जीव) ५० आणि शारीरिक नसलेले, म्हणजे स्पेशल, हल्ले झेलणारा स्पेशल डिफेन्स ४५ आहे, याकडे मी काणाडोळा केला होता. रँक्ड सामन्यांत सगळे पोकेमॉन लेव्हल ५० वर आणले जातात; तेथे काही विशेष प्रशिक्षण न देता त्याचा डिफेन्स २०० भरतो, एचपी १२५ आणि स्पेशल डिफेन्स अवघा ६५. म्हणजे शारीरिक हल्ला अंगावर घेताना तो खरोखरच खडकासारखा उभा राहतो, आणि एखादा साधा थंडरबोल्ट, म्हणजे विजेचा स्पेशल हल्ला, आला की खाली बसतो. त्यात पाणी आणि बर्फ ही टाइपांची जोडी बचावासाठी मुळीच सोयीची नाही. वीज, गवत, फायटिंग आणि खडक हे चारही प्रकार त्याला दुप्पट लागतात, तर कमी लागतात ते फक्त पाणी आणि बर्फ. तटबंदी म्हणून त्याला घेतलेले माझे पहिले काही आठवडे वाया गेले, असे आता सरळ कबूल करतो.

दुसरी चूक अधिक हास्यास्पद होती. क्लॉयस्टरचे आधीचे रूप असलेल्या शेल्डरला वॉटर स्टोन दिला की तो तत्काळ क्लॉयस्टर होतो, लेव्हलची काही अट नाही, आणि बेस स्टॅटची, म्हणजे मूळ क्षमतांच्या आकड्यांची, बेरीज ३०५ वरून एकदम ५२५ वर जाते. या उडीच्या आनंदात मी त्याची ॲबिलिटी (अंगभूत गुण) पाहिलीच नाही. आयसिकल स्पिअर ही बर्फाच्या सुळ्यांची मूव्ह (हल्ल्याची चाल) कधी दोन वार करी, कधी तीन, आणि मी नशिबाला बोल लावत राहिलो. माझ्या क्लॉयस्टरकडे शेल आर्मर होती, ज्यामुळे त्याला क्रिटिकल हिट (नेहमीपेक्षा जास्त लागणारा वार) बसत नाही. मला हवी होती स्किल लिंक, ज्यामुळे दोन ते पाच वार करणारी मूव्ह दर वेळी पाचच वार करते. फरक किती पडतो ते पाहा. स्किल लिंक नसताना दोन किंवा तीन वार पडण्याची शक्यता प्रत्येकी ३५ टक्के आणि चार किंवा पाच पडण्याची प्रत्येकी १५ टक्के असते, म्हणजे सरासरी तीनच्या किंचित वर. प्रत्येक वाराची ताकद २५ धरली तर एकीकडे सुमारे ७८ आणि दुसरीकडे हमखास १२५. ॲबिलिटी कॅप्सूल वापरून मी ती बदलली आणि त्या दिवसापासून मला वेगळाच पोकेमॉन मिळाला. नवीन शेल्डर पकडणाऱ्याने सर्वप्रथम हेच तपासावे.

जुन्या खेळाडूंना हा प्राणी १९९६ च्या पहिल्या खेळांपासून ठाऊक आहे; कांतो प्रदेशातील एलीट फोर या चार अव्वल प्रतिस्पर्ध्यांपैकी लोरेलाय त्याला वापरते. तेव्हा स्पेशल हा एकच स्टॅट होता आणि क्लॉयस्टरकडे तो ८५ होता, म्हणून स्पेशल हल्ल्यासमोरची त्याची आजची केविलवाणी अवस्था त्या काळी नव्हती. खेळांच्या पुढच्या पिढीत तो स्टॅट दोन भागांत विभागला गेला आणि बचावाच्या वाट्याला ४५ आले. खरा कायापालट पाचव्या पिढीत, म्हणजे २०१० च्या ब्लॅक आणि व्हाइटमध्ये झाला. आयसिकल स्पिअरच्या एका वाराची ताकद १० वरून २५ झाली आणि त्याच खेळात शेल स्मॅश ही नवी मूव्ह आली. आज आपण ज्याला क्लॉयस्टर म्हणून ओळखतो तो या दोन बदलांतून घडला आहे.

शेल स्मॅशमध्ये तो स्वतःचे कवच फोडतो. अटॅक, स्पेशल अटॅक आणि स्पीड एकाच खेळीत दुप्पट होतात आणि दोन्ही बचाव एकेक पायरी खाली, म्हणजे दोन तृतीयांशावर येतात. डिफेन्स २०० चा १३३ होतो, स्पेशल डिफेन्स ६५ चा ४३. ज्या कवचाची ख्याती, तेच फोडल्यावर प्राणी कामाचा होतो, ही कल्पना ज्याला सुचली त्याचे मला कौतुक वाटते. येथे नेचरचा, म्हणजे एक स्टॅट वाढवून दुसरा घटवणाऱ्या स्वभावाचा, प्रश्न येतो आणि त्याबाबत माझे मत आता ठाम आहे. प्रशिक्षणाने पूर्ण स्पीड दिलेला ॲडमंट (अटॅक वाढवणाऱ्या नेचरचा) क्लॉयस्टर १२२ वर असतो, शेल स्मॅशनंतर २४४. जॉली (स्पीड वाढवणाऱ्या नेचरचा) १३४ वर, नंतर २६८. बेस स्पीड १०० असलेला वेगवान पोकेमॉन स्पीड दीडपट करणारा चॉइस स्कार्फ घालून आला तर २५० पर्यंत जातो. ॲडमंट क्लॉयस्टर त्याच्यामागे सहा अंकांनी राहतो आणि त्या सहा अंकांत सामना जातो. जॉली घेतल्याने अटॅक १६१ ऐवजी १४७ मिळतो, पण तो दुप्पट होऊन २९४ झाल्यावर ती कमतरता मला फारशी जाणवली नाही. जॉली असूनही सगळे मागे पडतात असे नव्हे. स्कार्फ घातलेली म्याऊस्कराडा २८८ पर्यंत पोहोचते आणि तिची फ्लॉवर ट्रिक कधी चुकत नाही. तेथे हात टेकावे लागतात.

एक सामना मी अजून विसरलेलो नाही. समोर गार्चॉम्प होता. त्याने अर्थक्वेक केला, क्लॉयस्टरचे निम्मे एचपी गेले, आणि त्याच खेळीत मी शेल स्मॅश पूर्ण केली. पुढच्या खेळीत बर्फाचे सुळे सुटले. गार्चॉम्पला बर्फ चौपट लागतो, त्यामुळे पाचव्या सुळ्यापर्यंत जाण्याची वेळच आली नाही. गार्चॉम्पची रफ स्किन अंगाला भिडणाऱ्याला ओरखडते, पण आयसिकल स्पिअर अंगाला भिडत नाही, म्हणून माझ्या शिंपल्याला ओरखडाही आला नाही. त्यानंतर प्रतिस्पर्ध्याने ड्रॅगोनाइट पाठवला आणि मी मनातल्या मनात सामना जिंकलो. ड्रॅगोनाइटलाही बर्फ चौपट लागतो, आणि त्याची मल्टिस्केल ॲबिलिटी फक्त पहिल्या वाराची धार निम्मी करते. उरलेले चार वार पूर्ण ताकदीने बसतात. परंतु तो टेरा करून, म्हणजे लढाईच्या मध्येच टाइप बदलून, नॉर्मल टाइपचा झाला आणि त्याने एक्स्ट्रीम स्पीड ही आधी वार करणारी मूव्ह वापरली. माझा स्पीड २६८ असला तरी प्राधान्याच्या मूव्हपुढे स्पीडला काही अर्थ उरत नाही. फुटलेल्या कवचावर तो घाव बसला आणि क्लॉयस्टर कोसळला. क्लॉयस्टरच्या अंगावर त्या वेळी फोकस सॅश होती, जी एका घावात कोसळू देत नाही, पण पूर्ण एचपी असतानाच उपयोगी पडते. नंतर शांतपणे आकडेमोड केली तेव्हा दिसले की सॅशच्या जागी व्हाइट हर्ब असती, तर खाली गेलेला डिफेन्स पूर्ववत २०० झाला असता, त्याच घावातून तो थोडक्यात वाचला असता आणि उलट वार करण्याची संधी मिळाली असती.

तेव्हापासून मी व्हाइट हर्ब वापरतो. सॅश वाईट नाही. समोर स्पेशल हल्ला करणारा असेल तर तीच एक खेळी मिळवून देते, कारण हर्बने पूर्ववत झालेला स्पेशल डिफेन्ससुद्धा शेवटी ६५ च असतो. मात्र मैदानात स्टेल्थ रॉक (उतरणाऱ्याला टोचणारे खडक) टाकलेले असतील तर क्लॉयस्टर उतरताक्षणी एक चतुर्थांश एचपी गमावतो आणि सॅश निरुपयोगी होते. किंग्ज रॉक या वस्तूचाही प्रयोग मी महिनाभर केला. दर वाराला दहा टक्के या हिशेबाने पाच वारांत समोरच्याला दचकवून त्याची खेळी हिरावण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के होते. ऐकायला हे मोहक आहे, पण त्यावर बेत आखता येत नाही, आणि जिंकल्यावरही आपण काही केले असे वाटत नाही, म्हणून मी ते सोडून दिले.

मूव्हच्या चार जागांपैकी शेल स्मॅश, आयसिकल स्पिअर आणि रॉक ब्लास्ट या तीन माझ्याकडे पक्क्या आहेत. रॉक ब्लास्टही स्किल लिंकमुळे पाच वार करते, फक्त तिची अचूकता ९० टक्के आहे आणि ती चुकायची तेव्हाच चुकते. पाचव्यांदा असे झाल्यावर मी मोजणे बंद केले. चौथ्या जागेसाठी रेझर शेल (पाण्याचा वार) आणि आइस शार्ड (आधी बसणारा बर्फाचा वार) यांच्यात माझे मन अजून हेलकावे खाते. अनेक वारांचा खरा फायदा ड्रॅगोनाइटपुरता नाही. समोरच्याने सब्स्टिट्यूट (वार झेलणारा बदली) उभा केला असेल किंवा सॅश घातली असेल, तर पहिले वार ते मोडतात आणि उरलेले थेट अंगावर जातात. एकाच मोठ्या घावाला हे जमत नाही.

ज्यांच्यासमोर हा शिंपला काढूच नये अशांची यादी मोठी आहे. डोंडोझोची अनअवेअर ॲबिलिटी शेल स्मॅशने वाढवलेला अटॅक जमेसच धरत नाही, आणि पाण्याचा असल्याने त्याला बर्फही निम्माच लागतो. किंगॅम्बिटचे पोलादी अंग बर्फ आणि खडक दोन्ही निम्मे करते आणि सकर पंचने तो आधीच वार करून मोकळा होतो. ब्रेलूमच्या आधीच बसणाऱ्या फायटिंगच्या मॅक पंचविषयी तर बोलायलाच नको. याहून मनाला लागणारी गोष्ट वेगळी आहे. या पिढीत लोडेड डाइस नावाची वस्तू आली, जी अशा मूव्हचे वार चार किंवा पाचवर नेऊन ठेवते. स्किल लिंक असलेल्याला तिचा काही उपयोग नाही, पण बॅक्सकॅलिबरसारखा १४५ बेस अटॅकचा पोकेमॉन ती घेऊन आयसिकल स्पिअर सोडतो तेव्हा क्लॉयस्टरची मिरास दुसऱ्याच्या घरात गेल्यासारखे वाटते. निव्वळ ताकद हवी असणाऱ्याने बॅक्सकॅलिबर घ्यावा, असा प्रामाणिक सल्ला मी देईन. एका खेळीत अटॅक आणि स्पीड दोन्ही दुप्पट करण्याची सोय मात्र त्याच्याकडे नाही.

डबल्समध्ये, म्हणजे दोघांविरुद्ध दोघे अशा सामन्यांत, त्याला नेऊ नये. तेथे एकाच खेळीत दोघे मिळून मारतात आणि शेल स्मॅश पूर्ण होईपर्यंत तो टिकत नाही. टेरा रेडमध्ये, म्हणजे चौघांनी मिळून एका बलाढ्य पोकेमॉनशी लढताना, समोरचा पोकेमॉन आपले वाढवलेले स्टॅट मध्येच पुसून टाकतो, त्यामुळे तेथेही हौसेपलीकडे काही साधत नाही. कथेच्या प्रवासात आयोनोच्या विजेच्या जिममध्ये त्याला बाहेर ठेवावे लागले, इतरत्र तो बरा चालला. स्कार्लेटमध्ये लढाईतील दृश्ये बंद करण्याची सोय नाही, हे त्याच्या बाबतीत जास्त जाचते. पाच वार म्हणजे पाच वेळा एचपीची पट्टी हलणार, आणि शेवटी किती वार बसले ते सांगणारी ओळ येणार. मला ते आवडू लागले आहे, पण शेकडो साध्या लढाया करताना कंटाळा येतो हेही खरे.

शेल्डरविषयी थोडे अवांतर. तो शिंपल्याची दोन्ही झाकणे उघडमीट करत मागच्या दिशेने पोहतो, असे पोकेडेक्स हा खेळातील माहितीकोश सांगतो. काही खरे शिंपलेही झाकणे झपाट्याने मिटून पाण्याचा झोत सोडतात आणि त्या धक्क्याने पोहतात, म्हणून ही कल्पना हवेतून आलेली नाही. त्याची सतत बाहेर लोंबणारी जीभ मात्र कोणत्याच शिंपल्याला नसते. हाच शेल्डर स्लोपोकच्या शेपटीला चावला की स्लोब्रो तयार होतो. क्लॉयस्टरच्या आत नेमके काय आहे ते कोणी पाहिलेले नाही, अशी नोंद पहिल्या खेळापासून आहे, आणि शेल स्मॅश वापरतानाही खेळ ते दाखवत नाही.

गेल्या महिन्यापासून मी त्याच्या आधी अबोमास्नो या बर्फाच्या पोकेमॉनला उतरवतो आहे. तो आल्याबरोबर पाच खेळ्या बर्फ पडतो, आणि या पिढीपासून पडत्या बर्फात बर्फाच्या पोकेमॉनचा डिफेन्स दीडपट होतो. शेल स्मॅश तो दोन तृतीयांशावर आणते, बर्फ तो दीडपट करतो, त्यामुळे कवच फोडूनही आकडा जवळजवळ पूर्वीच्या २०० वरच राहतो आणि व्हाइट हर्बची जागा दुसऱ्या वस्तूसाठी मोकळी होते. अडचण अशी की फायटिंग आणि खडक दोघांनाही सारखेच झोंबतात, आणि सहातून तिघेच निवडायचे असल्याने या जोडीनंतर एकच जागा उरते. सध्या त्या जागी कोणाला घ्यावे, यावर माझे सामने अडले आहेत.