सल्काटा या आफ्रिकी कासवाचं पिल्लू: उघडं टेबल की बंद पेटी?

उघड्या लाकडी टेबलात (उंच कडांच्या, वरून मोकळ्या खोक्यात) हवा खेळती राहते, साफसफाई सोपी. पण दिव्याच्या उष्णतेनं ओलावा उडून जातो. सकाळी भिजवलेलं कोकोपीट संध्याकाळी कोरडं. अशा कोरडेपणात पाठीचे खवले टेंगळांसारखे वर येतात आणि ते पुन्हा सपाट होत नाहीत.

१२० बाय ६० सेंटिमीटरची झाकणबंद पेटी आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास धरून ठेवते. कोकोपीटचा थर ७-८ सेंटिमीटर, तळाशी ओला, वर जेमतेम दमट. दिव्याखाली ३५ अंश. रात्री २६च्या खाली नको, कारण थंडी आणि ओल एकत्र आली की श्वसनाचा संसर्ग जडतो. यूव्हीबी (अतिनील किरणांची) नळी पेटीच्या आतच लावा, काच ते किरण अडवते.

पहिल्या वर्षी पेटीच. कोकणातल्या पावसाळ्यात टेबलही चालून जातं.