आयडेंटिटी प्रॉक्सी की मेश नेटवर्क: झीरो ट्रस्टच्या दोन वाटा

कार्यालयातील जुने व्हीपीएन (बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये शिरण्याचा सुरक्षित मार्ग) बंद करून झीरो ट्रस्टकडे वळायचे ठरले की प्रश्न उरतो तो वाटेचा. गूगलने 2014 पासून ‘बियाँडकॉर्प’ या नावाने मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक अंतर्गत ॲपसमोर ओळख तपासणारी प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, असते, तर वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर आधारलेल्या मेशमध्ये यंत्रे एकमेकांशी शक्यतो थेट जोडली जातात. केवळ आतल्या नेटवर्कवर आहे म्हणून कोणावरही विश्वास ठेवायचा नाही, ही झीरो ट्रस्टची मूळ अट दोन्हींना पाळता येते.

मेशची बाजू भक्कम आहे. एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर आज्ञा चालवण्याची सोय), डेटाबेस, फाइल शेअर सगळे चालते, आणि एन्क्रिप्ट केलेला मजकूर वाटेत कोठेही उलगडला जात नाही. क्लाउडवरच्या प्रॉक्सीत मात्र तो पुरवठादाराच्या सर्व्हरवर उलगडतो, हे रुग्णांच्या नोंदी सांभाळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

तरीही आमचा निर्णय एका वेगळ्याच कटकटीने झाला. आमच्या पुण्यातील कार्यालयात बहुतेकांना ग्राहकाचे व्हीपीएन दिवसभर चालू ठेवावे लागते. ते सुरू होताच लॅपटॉपचे राउटिंग (माहितीची वाट ठरवणे) आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधणे) स्वतःकडे घेई, मेशमधली यंत्रे नावाने सापडेनाशी होत, आणि रजेचा साधा अर्ज भरायचा तरी हातातले काम तोडावे लागे. मेशही फोनच्या लेखी व्हीपीएनच, आणि अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालते, त्यामुळे ग्राहकाचे व्हीपीएन चालू असताना फोनचाही उपयोग नव्हता. हळूहळू लोक मेश बंदच ठेवू लागले आणि कामाच्या फायली खासगी ईमेलवरून फिरू लागल्या. मला हे फार गंभीर वाटले.

प्रॉक्सी आल्यावर ब्राउझर उघडायचा, कंपनीच्या खात्याने लॉगिन करून सिक्युरिटी कीला (ओळख पटवणाऱ्या छोट्या उपकरणाला) बोट लावायचे, एवढेच उरले. आमच्या सीएंना केवळ बिलांच्या ॲपची परवानगी देता आली आणि त्यांच्या लॅपटॉपवर काहीही बसवावे लागले नाही. डेटाबेसच्या डेस्कटॉप क्लायंटसाठी मात्र बहुधा वेगळा कनेक्टर (प्रॉक्सीशी जोडून देणारा प्रोग्राम) लागतो, म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्या मोजक्या सहकाऱ्यांसाठी आम्ही मेश ठेवले आहे.

ज्यांचे बहुतेक काम ब्राउझरबाहेर चालते, त्यांना कदाचित मेशच सोयीचे पडेल. इतरांनी आधी प्रॉक्सी वापरून पाहावी, असे मला वाटते. फक्त प्रॉक्सीला वळसा घालून मूळ सर्व्हरपर्यंत थेट पोहोचता येत नाही ना, हे फायरवॉलमध्ये पहिल्याच दिवशी तपासावे.