विरोधभक्तीच्या दोन तबकड्या : डेथस्पेल ओमेगाचा डबल एलपी

ब्लॅक मेटल हा हेवी मेटल संगीताचा एक टोकाचा प्रकार. तो म्हणजे चेहऱ्याला पांढरा रंग, उलटा क्रॉस आणि देवाला शिव्या, असं समजून ज्यांनी हे संगीत बाजूला ठेवलं, त्यांनी 'सी मोनुमेंतुम रेक्विरेस, चिर्कुमस्पिचे' एकदा तरी ऐकायला हवा. फ्रान्सच्या डेथस्पेल ओमेगा या बँडचा हा २००४ सालचा अल्बम. २००७ आणि २०१० मध्ये पुढचे दोन भाग येऊन त्रयी पुरी झाली, पण शिरायचं ते इथूनच.

इथे देव नाकारलेला नाही. तो आहे हे पक्कं धरूनच प्रश्न विचारला जातो : तो आहे, तर जग असं का, आणि मग उभं कोणाच्या बाजूने राहायचं? कंस आणि शिशुपाल द्वेषापायी रात्रंदिवस कृष्णाचंच चिंतन करत राहिले आणि त्यातूनच तरले, ही विरोधभक्ती कीर्तनातून आपल्या कानांवर पडलेली असते. या अल्बमची धारणा तिच्या फार जवळ जाते, फक्त शेवटची मुक्ती तेवढी इथे नाही. काल्यातला, म्हणजे दशावतारी नाटकातला, संकासुर वेद पळवतो, तो वेदांचं मोल जाणतो म्हणूनच. 'सोला फिदे' या दोन भागांच्या गाण्याचं नाव मार्टिन ल्यूथरच्या सिद्धांतावरून आलेलं आहे : माणूस तरतो तो केवळ श्रद्धेने, सत्कर्मांनी नव्हे. बँड ती श्रद्धा तशीच ठेवतो आणि तिचा रोख सैतानाकडे वळवतो. नास्तिकाला हे परवडणारं नाही.

अल्बमचं नाव लंडनच्या सेंट पॉल्स कॅथिड्रलमधल्या, वास्तुकार क्रिस्टोफर रेनच्या समाधिलेखातलं : स्मारक शोधत असशील, तर सभोवार पाहा. तिथे डोळे वर केले की अखंड घुमट दिसतो. तेच वाक्य जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्याखाली उभं राहून वाचा. १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. या अल्बमला अभिप्रेत असलेलं 'सभोवार' हे असं आहे.

संगीत या विचाराला पुरून उरतं. 'प्रार्थना' अशा नावाची तीन गाणी संथ चालतात, गिटारचे विसंवादी स्वर लांबवर ताणले जातात आणि मधूनच ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा अतिवेगवान अखंड मारा, सुटतो. नव्वदच्या दशकातल्या नॉर्वेजियन ब्लॅक मेटल रेकॉर्डिंगमध्ये बहुधा हरवणारा बास गिटार इथे स्वच्छ ऐकू येतो, आणि कित्येकदा चाल तोच पुढे नेतो. 'कार्नल मॅलेफॅक्टर'च्या मध्यावर सगळी वाद्यं थांबून चर्चमधला समूहस्वर येतो. त्या जागी आवाज वाढवायचा मोह आवरा. गिटार परतते तेव्हा स्पीकरची परीक्षा होते. दोष सांगायचा तर लांबी. ७७ मिनिटांत शेवटाकडची जुन्या धाटणीची वेगवान गाणी पहिल्या भागाइतकी दाट वाटत नाहीत. गाण्यांचे शब्द समोर ठेवूनच ऐका, नाहीतर अर्धा अल्बम हातचा जातो.

आता तबकडी. दोन तबकड्यांच्या चार बाजूंवर मिळून सरासरी १९ मिनिटं येतात, म्हणजे खाचांना पुरेशी जागा मिळते. तरी प्रत्येक बाजूच्या शेवटी, लेबलजवळ, झांजा फाटल्यासारख्या वाटल्या तर दोष तबकडीच्या छपाईचा समजू नका. आधी सुईची जुळणी आणि तिचा दाब तपासा. साध्या गोल सुईपेक्षा लंबगोल सुई इथे बरीच उजवी ठरते.

मागवताना विक्रेत्याला सांगा की तबकडी कव्हरच्या बाहेर, वेगळ्या पाकिटात ठेवून पाठव. नाहीतर प्रवासात ती आतून आदळत राहते आणि कव्हरची शिवण फाटते. जून ते सप्टेंबर ऑर्डरच टाळा. पुठ्ठा ओलावा धरतो.

गोव्याच्या दमट हवेत खरा शत्रू बुरशी. कागदी आतलं पाकीट पहिल्याच दिवशी काढून प्लास्टिकचं अँटिस्टॅटिक (स्थिर विजेने धूळ न ओढणारं) घाला, बाहेरचं कव्हर मात्र हवाबंद करू नका, कारण आत अडकलेला ओलावाच बुरशी वाढवतो. तबकड्या उभ्या, बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवा आणि खोलीतली आर्द्रता डीह्युमिडिफायरने ५० टक्क्यांच्या आसपास आणा. बुरशी आलीच तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सौम्य डिटर्जंटचा थेंब घालून मायक्रोफायबरने खाचांच्या दिशेने पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. समुद्राजवळच्या घरात डाव्या किंवा उजव्या स्पीकरचा आवाज अधूनमधून जात असेल, तर तबकडीला दोष देण्याआधी काट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) पिना आणि केबलची टोकं बघा. खाऱ्या हवेने ती काळवंडतात.

एवढी निगा राखणं जमणार नसेल, तर सीडी घ्या. ७७ मिनिटं एका सीडीवर मावतात आणि बाजू उलटायला उठावं लागत नाही, जे या अल्बमला अधिक मानवतं.