सगळ्यात लांब फाइल म्हणजे चित्रपट नव्हे

डीव्हीडी आणि ब्लू-रे डिस्क हार्ड डिस्कवर उतरवून देणारे आता बरेच जण आहेत. त्यांच्यातल्या एकाने ज्या कामाचे पैसे घेतले ते काम केलंच नाही, म्हणून हे लिहिते आहे. रिकामी हार्ड डिस्क हातात ठेवली असती तर लगेच कळलं असतं. पण हार्ड डिस्क गच्च भरलेली होती, प्रत्येक चित्रपटाच्या नावाची फाइल होती आणि लावली की ती सुरूही होत होती. लबाडी फाइलच्या पोटात होती, सुरुवातीपासून चांगली अर्ध्या-पाऊण तासावर.

त्याने दर दोन भागांत सांगितला होता. उतरवण्याचा एक, आणि ‘मुख्य टायटल तपासणी’ म्हणून प्रत्येक डिस्कमागे दुसरा. (टायटल म्हणजे डिस्कवर वेगळं लावता येणारं एकेक चित्रण: चित्रपट, माहितीपट, मालिकेचा भाग.) हा दुसरा कशासाठी, असं विचारलं तर म्हणाला, “मॅडम, ब्लू-रेवर एकच पिक्चर शंभरदा दिसतो. त्यातला खरा कुठला ते सॉफ्टवेअरला कळत नाही, माणसाने बसून बघावं लागतं. आम्ही बघून देतो.” हे शब्द लक्षात ठेवा. अडचण काय आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं, त्यामुळे पुढे जे झालं त्याला अनवधान म्हणायला माझी तयारी नाही.

अडचण खरीच आहे. ब्लू-रे डिस्क संगणकात घातली की बीडीएमव्ही नावाचं फोल्डर दिसतं. त्यातल्या स्ट्रीम फोल्डरमध्ये प्रत्यक्ष चित्रण असतं, एमटूटीएस फाइल्सच्या तुकड्यांत. शेजारच्या प्लेलिस्ट फोल्डरमध्ये एमपीएलएस नावाच्या चिमुकल्या फाइल्स असतात. अमका तुकडा आधी, तमका नंतर, एवढंच त्यांत लिहिलेलं असतं. साध्या डिस्कवर मुख्य चित्रपटाची अशी एकच प्लेलिस्ट असते, आणि तिचा नंबर पुष्कळदा ००८०० असतो. पण काही निर्माते कॉपी करणाऱ्याला चकवण्यासाठी शेकडो खोट्या प्लेलिस्ट घालून ठेवतात. तुकडे सगळीकडे तेच, क्रम मात्र उलटसुलट. तुकडे तेच म्हटल्यावर एकूण वेळ तेवढीच, आकार तेवढाच, आवाजाचे ट्रॅकही तेच. मग सॉफ्टवेअर मोठ्या भाबडेपणाने सांगतं की ५० जीबीच्या डिस्कवर ३० जीबीचे तीनशे चित्रपट आहेत. म्हणजे ९००० जीबी! प्लेलिस्ट ही नुसती यादी असते, जागा जवळपास घेतच नाही, म्हणून हे जमतं.

खरी प्लेलिस्ट कुठली हे माहीत असतं मेन्यूमागे चालणाऱ्या, जावा या संगणकभाषेतल्या प्रोग्रॅमला. तुम्ही मेन्यूत ‘प्ले’ दाबता तेव्हा तो बरोबर ती उचलतो, म्हणून प्लेअरवर कधी काही बिघडत नाही. तुकड्यांचे नंबर चढत्या क्रमाने असलेली यादी खरी, असाही नियम लावता येत नाही, कारण तुकड्यांना नंबरच वेडेवाकडे दिलेले असतात. माझ्या एका डिस्कची खरी प्लेलिस्ट पुढे मला मिळाली, तर तिचाच क्रम सगळ्यात संशयास्पद दिसत होता.

आमचा नंबर लागला एका रहस्यपटाला. खून झालेला माणूस पुढच्याच प्रसंगात जिना उतरून येतो आणि स्वतःच्याच खुनाच्या आदल्या दिवसाबद्दल बोलतो. फ्लॅशबॅक असेल म्हणून सगळे बघत राहिलो. हल्लीच्या पटकथांचा तसाही काही भरवसा नाही. मग एका पात्राचं वाक्य अर्ध्यावर तुटलं, पार्श्वसंगीत सुराच्या मध्येच कापलं गेलं आणि पडद्यावर भर उन्हातला पाठलाग सुरू झाला. सबटायटल्स मात्र चोख जुळत होती, कारण ती त्या त्या तुकड्याबरोबरच येतात. फाइल खराब असती तर चित्र फुटलं असतं, आवाज मागेपुढे झाला असता. इथे प्रत्येक तुकडा निर्मळ होता आणि चित्रपटाचा पार खेळखंडोबा झाला होता.

मूळ डिस्क प्लेअरमध्ये लावली. व्यवस्थित चालली. मग एकेक फाइल उघडून बघायला घेतली तेव्हा प्रकार उलगडत गेला. मालिकांच्या डिस्कवर प्रत्येक भाग वेगळा हवा असं मी लिहून दिलं होतं. तिथे सगळे भाग एकाला एक चिकटवलेली एकच लांबलचक फाइल होती. अशा डिस्कवर ‘सगळे भाग सलग लावा’ यासाठी एक वेगळं टायटल असतं आणि साहजिकच तेच सगळ्यात लांब असतं. एका जुन्या, छोट्या चित्रपटाच्या नावाखाली चक्क त्याच्या निर्मितीवरचा माहितीपट आला होता, कारण माहितीपट चित्रपटापेक्षा मोठा! दिग्दर्शकाची आवृत्ती आणि चित्रपटगृहातली आवृत्ती अशा दोन्ही असलेल्या डिस्कवरून दोन्ही नावांच्या फाइल्स दिलेल्या, आणि दोन्ही फाइल्स एकच. थोडक्यात, प्रत्येक वेळी जे सगळ्यात लांब ते उचललं, आणि लांबी सारखी असेल तर यादीत जे पहिलं ते.

याला पुरावाही त्यानेच दिला. एका फोल्डरमध्ये मेकएमकेव्ही या डिस्क उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरचा लॉग, म्हणजे त्याने काय काय केलं याची नोंद, राहून गेला होता. हे सॉफ्टवेअर भलं आहे. संगणकावर जावा चालवायची सोय टाकलेली असेल तर ते डिस्कचा प्रोग्रॅम चालवून बघतं आणि खोट्या प्लेलिस्टच्या गर्दीत खऱ्या टायटलपुढे ‘एफपीएल मेनफीचर’ अशी खूण करतं. लॉगमध्ये स्पष्ट ओळ होती: या डिस्कला जावा लागतं, ते सापडलं नाही, काही गोष्टी चालणार नाहीत, जावा टाका. त्याखाली एकाच लांबीच्या टायटल्सची भलीमोठी रांग आणि त्यातलं पहिलं जतन केल्याची नोंद. जावा फुकट मिळतं. तपासणीचे पैसे घेणाऱ्याने तेवढंही टाकलं नव्हतं. फाइल्सच्या वेळा बघितल्या तर एक पूर्ण होणं आणि दुसरी सुरू होणं यांत डिस्क बदलण्यापुरतं अंतर, तेही मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत. कोण बसून बघत होतं?

तपासणी झाल्याची खूण म्हणून त्याने प्रत्येक चित्रपटाचे दोन फोटो पाठवले होते, एक सुरुवातीच्या नामावलीचा आणि एक शेवटच्या श्रेयनामावलीचा. दिसायला अगदी चोख. माझ्या डिस्कवरच्या खोट्या प्लेलिस्टमध्ये पहिला आणि शेवटचा तुकडा जागच्या जागी होता, गोंधळ सगळा मधल्या तुकड्यांत. म्हणजे जिथे हमखास बरोबर असतं नेमकी तीच दोन टोकं त्याने दाखवली. कुणी असे फोटो पाठवून ‘चेक केलंय’ म्हणत असेल तर मधल्या भागातले मागा, आणि वेळ तुम्ही ठरवा: मिनिट अडतीस, मिनिट एकाहत्तर, असं.

फोन केल्यावर उत्तरं बदलत गेली. आधी म्हणाला डिस्कच तशी आहे. डिस्क प्लेअरवर नीट चालते म्हटल्यावर तुमच्या टीव्हीला फाइल झेपत नाही. लॉगमधली ओळ वाचून दाखवली तेव्हा आवाज चढला. “हे बघा मॅडम, कॉपी करणंच बेकायदा आहे. तक्रार कुठे करणार? तुम्हीच अडकाल.” काम घेताना हा कायदा त्याला आठवला नव्हता. स्वतःच्या मालकीच्या डिस्कची प्रत काढण्याबाबत देशोदेशी नियम वेगळे आहेत. अमेरिकेत १९९८च्या डीएमसीए कायद्याने डिस्कचं कुलूप, म्हणजे कॉपी रोखणारी सांकेतिक तजवीज, तोडण्यावर बंदी आली. ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये खासगी वापरासाठी प्रत काढायला सूट मिळाली आणि २०१५ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली. तेव्हा आपल्याकडचा नियम आधी बघून घेतलेला बरा, कारण या धंद्यातली लबाड माणसं गिऱ्हाइकाच्या याच धास्तीवर जगतात. पण न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि मी ती लेखी, लॉगच्या फोटोसकट त्याच्यापुढे ठेवली. त्यावर त्याने बिघडलेल्या फाइल्सची यादी मिनिटांसकट मागितली. ती दिल्यावर तपासणीच्या पैशांतला काही भाग परत आला. उतरवण्याच्या पैशांबद्दल आजतागायत चकार शब्द नाही. तपासणी शेवटी मीच केली, आणि त्याला ती आयती मिळाली.

आता, हे आधीच कसं ओळखता येईल? डिस्क देण्यापूर्वी ती संगणकात घालून प्लेलिस्ट फोल्डरमध्ये किती एमपीएलएस फाइल्स आहेत ते बघा. चित्रणाला कुलूप असलं तरी फाइल्सची यादी उघडून दिसते. दहा-वीस असतील तर बहुधा साधं प्रकरण. शेकड्यात असतील तर ती डिस्क चकव्याची असण्याची दाट शक्यता. अशीच एक डिस्क आधी एकटी द्या, बाकीच्या नंतर. आणि विचारा की कुठल्या नंबरची प्लेलिस्ट घेणार आणि ती कशावरून ठरवणार. काम येणारा माणूस एका दमात सांगेल: मेन्यूवरून चित्रपट लावून चालू प्लेलिस्टचा नंबर बघतो, किंवा जावा टाकून सॉफ्टवेअरची खूण बघतो, आणि शंका असेल तिथे मधले प्रसंग मूळ डिस्कशी ताडतो. “सगळ्यात मोठी फाइल घेतो, कधी चुकत नाही” असं म्हणणाऱ्याकडून डिस्क परत घ्या. पावतीवर प्रत्येक डिस्कपुढे प्लेलिस्टचा नंबर लिहून मागा. ज्याने बघितलेलंच नाही त्याची पंचाईत तिथेच होते.

डीव्हीडीचं थोडं वेगळं आहे. तिथे व्हिडिओ टीएस फोल्डर, त्यात जास्तीत जास्त एकेक जीबीच्या व्हीओबी फाइल्स, आणि कुठला भाग कधी लावायचा हे आयएफओ फाइलमध्ये. एका डिस्कवर ९९ टायटल्स मावतात आणि काही डिस्कवर ती सगळी भरलेली असतात, बहुतेक चकवायला. काही जण आयएफओकडे न बघता व्हीओबी नुसत्या जोडून देतात. मग दोन भाषांतल्या नामावल्या एकामागोमाग एक दिसतात, किंवा दोन आवृत्त्यांचे प्रसंग पाठोपाठ येतात.

वेळेचा फरक दिसला की लगेच भांडायला मात्र जाऊ नका. सेकंदाला २४ चित्रांचा चित्रपट पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर बऱ्याचदा २५ने धावतो, त्यामुळे १२५ मिनिटांचा चित्रपट १२० मिनिटांत संपतो. काही कापलेलं नसतं. उलट माझ्या त्या रहस्यपटाची वेळ वेष्टनावर छापल्याबरहुकूम होती.

फाइल्स हातात आल्यावर ताडून बघायला खास काही लागत नाही. मूळ डिस्क प्लेअरवर मेन्यूतून लावायची, फाइल संगणकावर, आणि दोन्हीकडे एकाच मिनिटाला कुठला प्रसंग आहे ते बघायचं. तुकडे कधी कधी पाच-सहा मिनिटांचेच असतात, म्हणून दर पाच मिनिटांनी थांबलेलं बरं. कंटाळवाणं आहे, पण एका चित्रपटाला फार वेळ जात नाही. दोन आवृत्त्या असतील तर ज्या प्रसंगात फरक आहे तोच काढून बघायचा. आवाजाचा ट्रॅकही ऐका. कधी कधी टायटल बरोबर असतं पण संवादांऐवजी दिग्दर्शकाचं निवेदन लावून दिलेलं असतं.

हार्ड डिस्क देताना तो आणखी एक गोष्ट म्हणाला होता: “डिस्क परत नेऊन काय करणार? जागाच अडते. आमच्याकडे राहू द्या, विल्हेवाट आम्ही लावतो, वेगळे पैसे नाहीत.” बऱ्याच जणांना ही सोय वाटते आणि ते हो म्हणून मोकळे होतात. माझ्या खोक्यावर दुसऱ्याच कुणाच्या डिस्कची यादी चिकटलेली होती, बहुधा अशाच सोडून दिलेल्या. ताडून बघायला त्यांच्याकडे आता मूळ प्रतच नाही, आणि अर्ध्या-पाऊण तासावर काय आहे ते चित्रपट लावतील तेव्हाच कळेल. मी माझं खोकं उचलून आणलं होतं म्हणून भांडता आलं. बिघडलेल्या डिस्क जावा टाकून आता स्वतःच पुन्हा उतरवते आहे. रहस्यपट झाला. मालिका अजून बाकी आहेत.