युरोपीय आयोगाची सीबीएएम एक्सेल शीट: नट-बोल्टच्या कारखान्याला किती उपयोगाची?

युरोपातला खरेदीदार बोल्टच्या ऑर्डरसोबत कार्बनचा हिशोब मागू लागला, तर सल्लागाराला पैसे मोजण्याआधी ही सीबीएएमची, म्हणजे युरोपात येणाऱ्या मालाच्या कार्बनवर लागणाऱ्या शुल्काची, फुकट शीट उघडा. ती 2023 ते 2025 च्या संक्रमण काळासाठी बनवली होती, तरी गोव्यातल्या कुंडई किंवा वेर्ण्यातल्या लहान कारखान्याला हिशोबाची शिस्त लावायला आजही उत्तम आहे.

'बी' पानावर इंधन भरायचं. डिझेल आपण लिटरमध्ये घेतो, इथे टन लागतात. म्हणून लिटरला सुमारे 0.84 ने गुणून किलो काढा नि हजाराने भागा. उष्मांक 43 गिगाज्यूल प्रति टन आणि उत्सर्जन 74.1 टन प्रति टेराज्यूल धरलं की टनभर डिझेलमागे साधारण 3.19 टन कार्बन डायऑक्साइड येतो. उत्तर हजारपटीने चुकलं तर गिगा-टेराचा घोळ झालाय असं समजा. फोर्कलिफ्टचं डिझेल धरायचंच नाही, जनरेटरचं विजेच्या खात्यात जातं. देशात विकलेले बोल्टही त्याच हिशोबात येतात, निर्यातीचा माल तेवढा वेगळा काढता येत नाही.

खरी कसोटी 'ई' पानाची, म्हणजे विकत घेतलेल्या कच्च्या मालाची. बोल्टच्या हिशोबातला बहुतेक कार्बन वायर रॉडसोबतच, म्हणजे पोलाद मिलमधून येणाऱ्या तारेच्या कॉइलसोबतच येतो. टनभर बोल्टला 1.08 टन कॉइल लागत असेल आणि मिलचा उत्सर्जनाचा आकडा टनभर कॉइलमागे 2.3 टन असेल, तर 2.48 टन तिथेच झाले. कटाईचं भंगार विकलं तरी वजावट नाही, त्यामुळे वाया जाणारी कॉइल कमी करणं हा आपल्या हातातला मोठा उपाय. टेस्ट सर्टिफिकेटवरचा कार्बन पोलादातल्या घटकाचा असतो, तो इथे लिहू नका. उत्सर्जनाचा आकडा देण्याची अट मिलच्या खरेदी ऑर्डरमध्येच घाला. माल आल्यावर मागितला तर मिळवणं कठीण जातं.

शीट विजेचाही हिशोब घेते. पण 2026 पासून पोलादाच्या मालावर फक्त थेट उत्सर्जनाचे, म्हणजे विजेमागचं उत्सर्जन सोडून, पैसे लागतात. म्हणजे छतावरच्या सौर पॅनेलने सीबीएएमचा भार हलका होणार नाही, हे पॅनेल विकणारा सांगणार नाही. जहाजाचा धूरही यात नाही. माल मुरगावातून गेला काय नि न्हावा-शेवातून, आकडा तोच.

आपले आकडे चालायला आता मान्यताप्राप्त पडताळणी लागते, नाहीतर ठरावीक चढे आकडे लागू होतात. म्हणून पडताळणीचा खर्च करण्याआधी खरेदीदाराची वर्षाची सीबीएएम मालाची एकूण आयात विचारा. ती 50 टनांच्या आत असेल तर पोलादाच्या मालावर त्याला सूट आहे.