अंकलिपी चांगली आहे, पण पावकी तिसावरच संपते

मुलगा तिसरीत, सेमी-इंग्रजीला. गिऱ्हाइकाला एकोणसाठ रुपये परत दे म्हटलं, तर त्याने एकोणसत्तर मोजले. त्याच आठवड्यात आप्पा बळवंत चौकात जाऊन ४० रुपयांची अंकलिपी आणली.

बाराखडी, जोडाक्षरं ठसठशीत आहेत. पाढे तिसापर्यंत, आकड्यांत आणि अक्षरांतही. त्यामुळे एकोणतीस, एकोणचाळीस नीट वाचले जातात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात एकवीसला ‘वीस एक’ म्हणणं आलं तेव्हा मी तावातावाने विरोधात बोलले होते. आता पोराची ओढाताण बघून वाटतं, समजायला ते बरंच सोपं आहे. पण बाजारात एकोणसाठच म्हणतात, ते तोंडात बसायलाच हवं.

मी ही घेतली ती पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकीसाठी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीडच्या पाढ्यांसाठी. मी ब्लाऊज शिवते. छाती चौतीस, तर पाव साडेआठ. अडतीस, तर साडेनऊ. कापड बेतताना हे मनात आपोआप येतं, कारण बाबांनी ते करून घेतलं होतं. बार्शीला दिवेलागणीला आम्ही भावंडं परवचा म्हणायचो आणि बाबा मशीन चालवत ऐकायचे. पायडल थांबलं की समजायचं, चुकलं. मग मागच्या ओळीपासून पुन्हा.

आता गृहपाठ रात्री साडेआठला ग्रुपवर येतो. वहीचे फोटो काढून पाठवायचे, थर्माकोलचा प्रकल्प करायचा. त्यात आम्हीच राबतो. पोराकडून म्हणून घ्यावं असं त्यात काही नसतं.

या पुस्तकातली पावकी मात्र तिसावर थांबते. माझ्याकडची मापं तिथून पुढे सुरू होतात! औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, तर दिलेलीच नाही. आणि तेरा पावला ‘साडेतीन’ छापलंय, हवं सव्वातीन. मुलगा पावकी म्हणत होता, तेव्हा तिथे माझं पायडल थांबलं. तो म्हणाला, “आई, पुस्तकात असंच आहे.” लहान मुलांच्या पुस्तकात अशी चूक राहू देऊ नये, मला खरंच राग आला.

तरी घ्या. कागद जाड आहे, शिलाई पक्की. आधी पावकीचं पान तपासा. मी तेराची ओळ खोडून दुरुस्त केली आणि मागच्या कोऱ्या पानावर एकतीस ते चव्वेचाळीस पावकी लिहून दिली. काल तो छत्तीसपर्यंत न अडखळता पोचला.