नॉर्मल चॅनलचा मार्शल करायला गेलो: आठ महिन्यांनंतर

दिवाळीनंतर गिटारचा ॲम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) उघडला, आता आषाढ चालू आहे. मधे एक अख्खा नागपुरी उन्हाळा काढून झाला, म्हणून आता लिहितो.

ॲम्प सेकंडहँड. फेंडर डिलक्स रिव्हर्बच्या १९६०च्या दशकातल्या ब्लॅकफेस (काळ्या पॅनलच्या) सर्किटवर कोणीतरी हाताने बांधलेला. दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह, बावीस वॅट, बारा इंची स्पीकर. क्लीन आवाजाबद्दल तक्रारच नाही. पण मला जुन्या मार्शल (ब्रिटिश कंपनी) ॲम्पचा तो भरलेला, खरखरीत मिड, म्हणजे मधल्या सुरांचा आवाज, हवा होता, आणि ब्लॅकफेसमध्ये खड्डा नेमका तिथेच. मिडचं बटणही नाही, त्या जागी ६.८ किलोओहमचा रेझिस्टर कायमचा बसवलेला.

या ॲम्पला दोन चॅनल. रिव्हर्बवाला सगळे वाजवतात, नॉर्मल बिचारा पडून असतो. म्हटलं, प्रयोग त्याच्यावरच करू, बिघडलं तर एक चॅनल शाबूत.

सोल्डरिंगला इतवारीतल्या एका काकांकडे बसलो. त्यांनी उभी हयात व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केले. आत चारशे व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही मोठे कपॅसिटर तो धरून ठेवतात. काकांनी आधी रेझिस्टर लावून ते रिकामे केले, मीटरने तपासले, मग मला म्हणाले, "एक हात खिशात ठेव बाबू. दोन्ही हात आत घातले की गेला समज."

पहिल्या दिवशी पहिल्या ट्रायोडच्या (आवाज वाढवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) कॅथोड या टोकावर १.५ किलोओहम आणि २५ मायक्रोफॅरड काढून २.७ किलोओहम आणि ०.६८ लावलं. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, तिच्या आसपासचा गाळ यात निघून जातो. टोन स्टॅकमध्ये (बास-ट्रेबल ठरवणाऱ्या भागात) १०० किलोओहमच्या जागी ३३, ट्रेबलला २५०च्या जागी ५०० पिकोफॅरड, बास आणि मिड दोन्हीकडे ०.०२२ मायक्रोफॅरड. ६.८च्या ठिकाणी २५ किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवायचं बटण. बर्डीवर ५०० पिकोचा सिल्व्हर मायका कुठेच मिळाला नाही, ४७०चा एक किलोव्होल्टवाला सिरॅमिक घेतला. सगळं सामान तीनशे रुपयांच्या आत. व्हॉल्व्ह बदलण्यावर मी त्याआधी याच्या कितीतरी पट पैसे घालवले होते, आणि फरक डोळे मिटून ओळखता आला नव्हता.

चालू केला तर गुणगुण. पॉटची वायर मी हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या) वायरींना चिकटून नेली होती. ती बाजूला घेतली, गुणगुण गेली.

आवाज? पहिला आठवडा खूश होतो. मग बँडमध्ये वाजवला तेव्हा कळलं की वरचे सूर कानात सुई टोचल्यासारखे लागतात. ड्रमरने तिसऱ्याच गाण्यात विचारलं, "काय बे, पत्रा वाजवून राहिला का?" मार्शलमध्ये टोन स्टॅकच्या आधी कॅथोड फॉलोअर नावाचा एक जास्तीचा टप्पा असतो, शेवटी बहुतेक ईएल३४ व्हॉल्व्ह. इथे दोन्ही नाहीत. मार्शलचे आकडे जसेच्या तसे उचलून मार्शल होत नाही, हे कळायला मला दोन महिने लागले.

जानेवारीत पुन्हा उघडला. ३३च्या जागी ५६ किलोओहम, ट्रेबलला परत २५०. बाकी तसंच. आणि आता मजा बघा: हे आकडे फेंडरच्याच जुन्या ५एफ६-ए बासमन ॲम्पचे. जिम मार्शलच्या लंडनच्या दुकानात १९६२ मध्ये जो पहिला मार्शल ॲम्प, जेटीएम४५, झाला, तो त्याच बासमनवरून. म्हणजे मी मार्शलच्या मागे निघालो आणि फिरून फेंडरच्याच दारात. पण आवाज हाच ठेवलाय. व्हॉल्यूम ६, मिड ७, हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) लावला की कॉर्ड जाड येते आणि तरी एकेक तार वेगळी ऐकू येते.

मे महिन्यात संध्याकाळी घरात व्होल्टेज २०५वर उतरायचं. तेव्हा ॲम्प थोडा लोळायचा, म्हणजे सूर दबून सुस्त यायचा, आणि खरं सांगतो, गोड वाजायचा. पण हीटरलाही कमी मिळत होतं, म्हणून स्टॅबिलायझर लावला. तो लोळा गेला, वाईट वाटलं.

तक्रारी दोन. नॉर्मल आणि रिव्हर्ब चॅनल एकत्र जोडून वाजवता येत नाहीत. रिव्हर्बवाल्यात एक स्टेज जास्त असल्याने दोघांचा फेज उलटा, म्हणजे एकाची लहर वर तेव्हा दुसऱ्याची खाली, जोडले की आवाज पातळ होतो. दुसरं, खरी मजा व्हॉल्यूम ६ला, आणि त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅटमध्ये ३च्या वर गेलो की खालच्या काकू वर येतात. त्यामुळे हा चॅनल फक्त रविवारी, वाडीतल्या मित्राच्या गोदामात.